काँट्रॅक्टचं सॉफ्टवेअर घेताय? अंबडमधल्या एका लीगलवालीचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. कंपनीचे करार मागण्यापासून सही होऊन जपून ठेवण्यापर्यंत सगळं एका जागी करणारं हे सॉफ्टवेअर, त्याचं नाव लिहीत नाहीये कारण त्यांच्याशी झालेल्या करारात गोपनीयतेचं कलम आहे आणि तो करार मीच तपासलाय, त्यामुळे नावासाठी मागे लागू नका. तसंही डेमोमधे जेवढी बघितली तेवढी सगळी आतून साधारण सारखीच निघाली, रंग वेगळे आणि सेल्सवाल्याचा टाय वेगळा. त्यामुळे हे वाचून दुसऱ्या कुठल्या कंपनीचं घेतलंत तरी यातलं बरंच लागू पडेल.

नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, दिंडोरी इकडच्या ज्या कंपन्यांत लीगल डिपार्टमेंट म्हणजे एखाददुसरं माणूस आणि एक कपाट, त्यांच्यासाठी लिहितेय. बांद्रा-कुर्ल्यात तीस वकिलांची टीम असलेल्यांना यातलं फार काही कामाचं नाही.

आमची कंपनी गाड्यांचे पार्ट बनवते. वर कस्टमर म्हणजे मोठ्या गाडी कंपन्या, खाली व्हेंडर म्हणजे गाळ्यांतले छोटे कारखानदार, कोणाकडे प्रेस, कोणाकडे सीएनसी, कोणी प्लेटिंग करून देतो. या दोघांच्या मधे जेवढा कागद फिरतो तो सगळा माझ्या टेबलावरून जातो. लोकांना वाटतं कंपनीचा वकील म्हणजे रोज कोर्टात उभा राहणारा माणूस. उलटंच आहे. पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे प्रॅक्टिस थांबवावी लागते, सनद सस्पेंड करून घ्यावी लागते, त्यामुळे नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात आमचं मॅटर असलं की बोलतात बाहेरचे वकील आणि मी मागच्या बाकावर फाइल धरून बसते. माझं खरं काम म्हणजे सप्लाय ॲग्रीमेंट, एनडीए म्हणजे गोपनीयतेचा करार, ट्रान्सपोर्टचं काँट्रॅक्ट, कामगार ठेकेदाराचा करार, गेस्ट हाउसचं लीव्ह अँड लायसन्स, एमआयडीसीच्या प्लॉटचा पत्रव्यवहार, इन्शुरन्स क्लेम, पॉश म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची कमिटी, आणि मधेच कोणीतरी दारातून डोकं आत घालून "मॅडम एक मिनिट, फक्त सही करायचीये, वाचून घेता का" असं म्हणून ठेवून गेलेलं चाळीस पानी बाड.

हे सगळं आधी ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर चालायचं. एकाच कराराच्या फाइलला फायनल, फायनल नवीन, फायनल साहेबांनी बघितलेली अशी नावं, आणि सही झाली ती यातली नक्की कुठली हे सही झाल्यावर शोधायचं. पण सॉफ्टवेअर घ्यायचं खरं कारण वेगळं होतं. दर महिन्याच्या रिव्ह्यू मीटिंगमधे परचेस म्हणणार लीगलमधे अडकलंय, मार्केटिंग म्हणणार लीगलमधे अडकलंय, आणि माझ्याकडे उलट दाखवायला काही नाही. सीएफओ साहेबांनी सॉफ्टवेअरला मंजुरी दिली ती बहुतेक माझा वेग मोजायला.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी जमेची बाजू इथेच आहे. प्रत्येक कागद कुठल्या टप्प्यावर, कोणाकडे, कधीपासून पडलाय हे डॅशबोर्डवर दिसतं. पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट काढला तेव्हा कळलं की बहुतेक करार माझ्याकडे अडकतच नव्हते. ज्यांनी करार मागितला ते डिपार्टमेंटच परिशिष्ट भरून देत नव्हतं. म्हणजे माल किती, रेट काय, डिलिव्हरी कुठे, रिजेक्शन झालं तर परत कोण नेणार, ही माहितीच नाही आणि करार मात्र उद्या पाहिजे. दुसऱ्या नंबरवर समोरची पार्टी. त्या मीटिंगमधे रिपोर्ट पडद्यावर लावला आणि काही बोलले नाही. परचेसच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर आमच्याकडे परिशिष्ट आधी भरल्याशिवाय रिक्वेस्ट पुढे सरकतच नाही असं सेटिंग करून घेतलं आणि निम्मी भांडणं तिथेच संपली. फक्त एवढ्यासाठी जरी घेतलंत तरी पैसे वसूल आहेत असं मला वाटतं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे आपले नियम आपण त्यात बसवू शकतो. सगळ्यात कामाला आला तो एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा नियम. आमच्याकडे परचेसला वर्षानुवर्षं सवय, पेमेंट नव्वद दिवस, सगळ्यांना एकच. पण २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे मायक्रो किंवा स्मॉल सप्लायरला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. करारात तुम्ही नव्वद लिहिलं आणि त्याने सही केली तरी ते टिकत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. त्यात १ एप्रिल २०२४ पासून आयकरातलं ४३बी(एच) आलं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. मी हे मेल पाठवून पाठवून थकले होते. आता व्हेंडरचा उद्यम नंबर, म्हणजे एमएसएमई नोंदणीचा नंबर, आणि प्रकार टाकला आणि पेमेंटच्या खान्यात ४५ च्या वर आकडा घातला की फॉर्म पुढेच जात नाही, लाल पट्टी येते. मॅडम नाही म्हणतात याच्यापेक्षा सिस्टीम घेत नाहीये हे लोक जास्त शांतपणे ऐकतात, का ते मला विचारू नका.

यात एक बारीक भानगड आहे ती आधीच सांगते. उद्यम नंबर असलेला प्रत्येक जण यात येत नाही. व्यापारी, म्हणजे फक्त घेऊन विकणारे, त्यांना उद्यम नोंदणी मिळते पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती, उशिरा पेमेंटचं संरक्षण त्यांना नाही. आणि मीडियम असेल तरी नाही. त्यामुळे उत्पादक, सेवा देणारा, व्यापारी असा वेगळा खाना करून घ्या, नाहीतर सिस्टीम बेअरिंग विकणाऱ्या डीलरलाही लाल पट्टी दाखवत बसेल आणि मग लोक पट्टीकडे बघणंच सोडून देतील. सेटिंग करायला आलेल्या मुलाला हे माहीत नव्हतं, त्याची चूकही नाही, हे सांगायचं काम आपलंच.

आता जुने करार आत टाकणं. डेमोत सांगतात स्कॅन करा, टाका, सगळं शोधता येईल. इंग्रजी टाइप केलेलं असेल तर येतं, खरंच येतं. मराठी कागद आले की सगळं ढेपाळतं. जुन्या श्रीलिपी वगैरे फाँटमधल्या फाइली त्याला वाचताच येत नाहीत. स्टॅम्प पेपरवर जांभळा शिक्का मजकुराच्या बरोब्बर मधे मारलेला असतो, त्याखालची ओळ गायब. ग्रामपंचायतीचे ठराव, सातबारा, कामगार कार्यालयाची पत्रं, युनियनशी झालेले जुने समझोते, हे सगळं आम्ही शेवटी हाताने टॅग केलं, ज्युनियर मुलगी बिचारी दुपारच्या दुपार तेच करत होती. मुंबईपुण्यातल्या ऑफिसांना हा त्रास कमी होत असेल, कारखान्याच्या जागेचे कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हा वेळ धरूनच चाला.

पण एकदा आत गेलं की शोध कामाला येतो हे कबूल करायला हवं. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लेबर कोड लागू झाले, २९ जुने कायदे त्यात गेले. आमच्या ठेकेदारांच्या प्रत्येक करारात १९७० च्या काँट्रॅक्ट लेबर ॲक्टचं नाव घालून कलमं होती, ती सगळी शोधायला लागणार होती. आधीच्या काळात असतं तर कपाट रिकामं करून जमिनीवर मांडून बसावं लागलं असतं. इथे कायद्याचं नाव टाकलं आणि यादी समोर. स्कॅन नीट न झालेले सुटलेच असणार म्हणून ठेकेदारांच्या यादीशी परत जुळवून बघितलं, तेवढी मेहनत आहेच.

रिन्यूअलच्या आठवणी चांगल्या येतात. इन्शुरन्स, लीव्ह अँड लायसन्स, एएमसी म्हणजे देखभालीचे वार्षिक करार. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, कॅलेंडरही हे करू शकतं, फक्त कॅलेंडर एका माणसाच्या फोनमधे असतं आणि ते माणूस नोकरी सोडून जातं.

आता क्लॉज लायब्ररी, म्हणजे तयार कलमांचा साठा. इथे मी अर्धा मार्क सरळ कापलाय. तयार टेम्प्लेट म्हणून जे देतात ते बाहेरच्या देशातलं उचलून आणलेलं वाटतं. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही असं ठणकावून लिहिलेलं एम्प्लॉयमेंटचं कलम होतं. आपल्या १८७२ च्या काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ खाली नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन टिकत नाही, लॉ कॉलेजच्या पोरांनाही माहीत असतं. लवादाच्या कलमात लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवणारा पंच, कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर नेमतील असं. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर वादात ज्याचं हित आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा हा प्रकार बंद झालाय. हे कलम ठेवून सही केली तर वाद सुरू व्हायच्या आधी लवाद कोण यावरच हायकोर्टात जायची वेळ येते. मी सगळी लायब्ररी पुसून आपली स्वतःची लिहिली. त्यानंतर मात्र एनडीए आणि साधे जॉबवर्कचे करार भराभर व्हायला लागले, डिपार्टमेंटवाले स्वतःच काढतात, मी फक्त नजर टाकते.

त्यात एक एआयचं फीचर पण आहे, करार टाकला की कलमांना लाल, पिवळा, हिरवा रंग देतं. बघायला फार भारी. एमडी साहेबांना डेमोत हेच आवडलेलं. यावर जरा सविस्तर लिहिते कारण इनहाउस वकिलाचं काम काय असतं आणि काय नसतं ते इथेच कळतं.

एका मोठ्या कस्टमरचं सप्लाय ॲग्रीमेंट आलं. एआयने निम्मी पानं लाल केली. नुकसानभरपाईला मर्यादा नाही, लाल. त्यांची लाइन थांबली तर मिनिटावर चार्ज, लाल. गाडी रिकॉल झाली, म्हणजे दोषामुळे विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तर खर्चाचा वाटा आपला, आणि तो वाटा किती ते तेच ठरवणार, लाल. बरोबरच आहे, मीही लालच केलं असतं. पण पुढे काय? तो कस्टमर आपल्यासाठी एक शब्द बदलत नाही. घ्या नाहीतर दुसरा सप्लायर बघतो. आणि त्याच्या ऑर्डरवर आमची एक अख्खी शेड चालते. बाहेरच्या वकिलाला विचारलं तर तो छान पानभर ओपिनियन देतो की यात धोका आहे, क्लायंटने व्यावसायिक निर्णय घ्यावा. तो व्यावसायिक निर्णय घ्यायच्या खोलीत मी बसलेली असते आणि सगळे माझ्याकडे बघत असतात, सही करायची का नाही ते सांगा.

तेव्हा जे करावं लागतं ते कुठल्याच रंगात येत नाही. रिकॉलचा इन्शुरन्स आपल्याकडे आहे का, त्यात वगळलेलं काय आहे हे इन्शुरन्सवाल्याला घेऊन वाचायचं. क्वालिटीला विचारायचं की या पार्टवर मागच्या काही वर्षांत कम्प्लेंट किती आणि कशा आल्या. फायनान्सला विचारायचं की वाईटात वाईट धरलं तर किती आणि तेवढं झेपेल का. मग सगळे सुचवतात, हेच कलम खालच्या व्हेंडरच्या करारात जसंच्या तसं टाका, म्हणजे जबाबदारी खाली गेली. कागदावर गेली. पण तो व्हेंडर म्हणजे भाड्याच्या गाळ्यात चार मशीन असलेला माणूस, मशीनवर बँकेचं कर्ज, त्याच्याकडून कोट्यवधीची भरपाई कोण आणि कुठून वसूल करणार? असल्या कलमाने फाइल हिरवी दिसते आणि पैसा येत नाही. त्यापेक्षा त्याच्या करारात बॅचची नोंद, टेस्ट रिपोर्ट, आमच्या माणसाला कधीही येऊन तपासायचा हक्क, ही साधी कलमं कडक ठेवली तर चूक आधी पकडली जाते. हे मी एमडींना एका पानात लिहून दिलं, सही झाली, आणि तो माल अजून व्यवस्थित जातोय. एआयच्या हिशेबात ते ॲग्रीमेंट आजही हाय रिस्क आहे, कोपऱ्यात लाल त्रिकोण लुकलुकत असतो, राहू दे.

आता ज्याबद्दल कोणी डेमोमधे बोलत नाही ते. कमेंट बॉक्स.

प्रत्येक कराराच्या बाजूला एक चॅटसारखी पट्टी असते, तिथे परचेस, क्वालिटी, फायनान्स, लीगल सगळे लिहितात. सोयीची आहे, नाही म्हणत नाही. पण लोक तिथे व्हॉट्सॲपवर लिहावं तसं लिहायला लागले. "या बॅचबद्दल आधीपासूनच डाउट होता", "आपलीच चूक आहे पण सध्या बोलू नका", असलं. नावासकट, तारीख-वेळेसकट, कायमचं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण आपल्या वकिलाशी बोलतोय, म्हणजे ते गुप्त.

नाहीये. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात निकाल दिला, तपास यंत्रणा वकिलांना समन्स काढतात त्यावरून निघालेलं प्रकरण होतं. त्यात इनहाउस वकिलांबद्दल स्पष्ट सांगितलं की नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण त्यांना नाही, कारण ते कोर्टात प्रॅक्टिस करणारे ॲडव्होकेट नाहीत. कलम १३४ खाली कंपनीच्या बाहेरच्या कायदा सल्लागाराशी आम्ही जे बोलतो त्याला संरक्षण आहे, पण कंपनी आणि तिचा पगारी वकील यांच्यातल्या बोलण्याला नाही. थोडक्यात परचेसवाल्याने माझ्यासाठी लिहिलेली कमेंट उद्या मागवली जाऊ शकते आणि मी गप्प राहू शकेनच असं नाही. युरोपात कॉम्पिटिशनच्या केसमधे २०१० साली ॲक्झो नोबेलच्या निकालात इनहाउसवाल्यांच्या पदरी साधारण हेच आलं होतं, त्यामुळे आपल्याकडेच काही वेगळं घडलं असंही नाही. पण कारखान्यातल्या किती लोकांना हे माहीत असतं? माझ्या अनुभवात कोणालाच नाही.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगते. कमेंट बॉक्स फक्त कराराच्या मजकुरापुरता ठेवला, कलम नंबर आणि बदल, बस. मालाच्या दोषाबद्दल जे आहे ते क्वालिटीच्या रीतसर रिपोर्टमधे, तिथे खरं आणि पूर्ण लिहायचं, त्यावर ॲक्शनही घ्यायची. कोणाची चूक, किती पैसे द्यावे लागतील, केस झाली तर काय, असले अंदाज कुठेच टाइप करायचे नाहीत, त्यासाठी बाहेरच्या वकिलांकडून लेखी सल्ला घ्यायचा. मला काही जणांनी विचारलं की मॅडम म्हणजे लपवायचं का. नाही. वस्तुस्थिती लपवायची नाहीच, आणि वाद दिसायला लागला की काही डिलीट तर अजिबात करायचं नाही. सॉफ्टवेअरमधे लीगल होल्ड म्हणून बटण आहे, ते लावलं की त्या फाइलमधलं काही पुसता येत नाही, हे फीचर उत्तम आहे आणि मी ते वापरते. पण प्लेटिंगच्या रंगावरून आलेल्या शंकेला कोणीतरी वैतागून "आपलीच चूक" लिहावं आणि तीन वर्षांनी समोरच्या वकिलाने ते वाचून दाखवावं, याला पुरावा जपणं म्हणत नाहीत. कमेंट बॉक्सचं सेटिंग डीफॉल्टला सगळं उघडं असतं. घेतल्या दिवशी बदला.

सही आणि स्टॅम्प. आधार ई-साइन चालतं, मोठ्या पार्ट्या पटकन करतात. छोटे व्हेंडर मात्र बिचकतात, ओटीपी कशाला मागताय म्हणतात, आणि शिक्क्याशिवाय सही त्यांना सहीच वाटत नाही. त्यांच्यासाठी कागद छापतो, माणूस पाठवतो, स्कॅन करून टाकतो. स्टॅम्प किती लागेल हे सॉफ्टवेअर सांगतं म्हणतात पण त्यावर विसंबू नका, आमच्याकडे सुरुवातीला ते शंभर रुपयेच दाखवत होतं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी पाचशे झालेत, आणि बऱ्याच दस्तांना रकमेच्या प्रमाणात लागतो. कमी लावला तर कोर्टात कागद पुराव्यात घेत नाहीत, दंडासकट भरल्यावरच घेतात, आणि दंड फरकावर महिन्याला दोन टक्के. डिसेंबर २०२३ मधे सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं की स्टॅम्प नसल्याने लवादाचा करार रद्द होत नाही, तो दोष दुरुस्त करता येतो, हे खरं, पण दुरुस्त करायला लागतोच ना, आणि तेव्हाच लागतो जेव्हा घाई असते.

कोर्ट केसेसचं मॉड्युल वेगळे पैसे देऊन घेतलं, ते घेऊ नका. ई-कोर्ट्सवरून सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, टाकून तारखा ओढतं, पण ते तर ई-कोर्ट्सचं ॲप फुकट करतं. कामगार आयुक्त ऑफिस, एमएसएमई कौन्सिल इथल्या तारखा आम्हाला हातानेच टाकाव्या लागल्या. कमर्शियल दाव्याच्या आधीची मध्यस्थी, कमर्शियल कोर्ट्स ॲक्टच्या कलम १२ए वाली, जी तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर सक्तीची आहे, त्या टप्प्याला त्यात खानाच नाही.

सपोर्ट बरा आहे. तिकीट टाका, वाट बघा, मुलं सभ्य आहेत, मराठी नाही पण हिंदीत निभतं. त्यांच्याशीच झालेल्या आमच्या कराराची मात्र मजा आहे. त्यात आपोआप रिन्यूअल, नोटीस द्यायची मुदत गेली की पुढच्या वर्षाचे पैसे पक्के, आणि दर त्यांच्या मर्जीने वाढणार. मी तिन्ही ठिकाणी बदल मागितले. त्यांचा सेल्सवाला रोज फोन करून म्हणायचा, मॅडम माझ्याकडून सगळं ओके आहे हो, आमच्या लीगलमधे अडकलंय. मी म्हटलं तुमचंच सॉफ्टवेअर आहे, डॅशबोर्डवर बघून सांगा नक्की कोणाकडे आहे.

पैशाचं गणित असं की करार मागणारा युजर स्वस्त किंवा फुकट असतो आणि करार बदलणारा महाग. सुरुवातीला सेल्सवाले सगळ्या डिपार्टमेंट हेडना महागडे लॉगिन गळ्यात मारायला बघतात. त्यातले बहुतेक जण नंतर लॉगिनच करत नाहीत, प्रिंट काढून पेनाने खुणा करून माझ्याकडे पाठवतात. आम्ही रिन्यू करताना ते कमी केले, केसेसचं मॉड्युल काढलं, बाकीचं ठेवलं.

ज्यांच्याकडे वर्षाला थोडेच करार होतात त्यांनी हे घेऊ नये, एक्सेल, शेअर केलेला फोल्डर आणि नावं नीट देण्याची शिस्त एवढ्यात भागतं. आणि ज्या छोट्या युनिटला अजून स्वतःचा वकीलच नाही त्यांनी तर आधी आठवड्यातून एखादा दिवस येणारा माणूस बघावा, नाशिकमधे चांगली तरुण मंडळी आहेत जी प्रॅक्टिस सांभाळून रिटेनरवर कंपन्यांचं काम करतात, सनदही चालू राहते. सॉफ्टवेअरला विचारता येत नाही की हा कस्टमर हो म्हणतोय पण नंतर फिरेल का.

डेमोला जाताना स्वतःचे कागद घेऊन जा. एक जुना मराठी समझोता, एक शिक्के मारलेलं स्टॅम्प पेपरवालं ॲग्रीमेंट, आणि तुमच्या सगळ्यात दांडग्या कस्टमरच्या अटी, हवं तर नाव खोडून. त्यांनी तयार ठेवलेल्या इंग्रजी एनडीएवर डेमो बघू नका, तो सगळ्यांचाच छान होतो. आणि डेटा परत मागितला तर कुठल्या फॉरमॅटमधे, किती दिवसांत आणि कमेंटसकट देणार का, हे तिथेच विचारून ईमेलवर लेखी घ्या.